लिनक्सवरील होम फोल्डरचा बॅकअप: प्रत घेण्यापासून ती परत आणण्यापर्यंत

लिनक्स संगणकावर तुमचे स्वतःचे म्हणावे असे जे काही असते, ते जवळजवळ सगळे एकाच जागी असते. ‘होम’ या मूळ फोल्डरात प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाचा एक उपफोल्डर असतो आणि कागदपत्रे, छायाचित्रे, ब्राउझरमधील बुकमार्क व साठवलेले पासवर्ड, ईमेल, मराठी टंकलेखनाची मांडणी, इतकेच नव्हे तर पडद्यावर कोणते चित्र लावले आहे ही नोंदसुद्धा तिथेच असते. उबुंटू, लिनक्स मिंट किंवा फेडोरा ही प्रणाली इंटरनेटवरून पुन्हा उतरवून नव्याने बसवता येते. होम फोल्डर मात्र कुठूनही उतरवून मिळत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला आणि विंडोज ११ न चालणारे जुने लॅपटॉप अनेकांनी लिनक्सवर आणले. नागपुरात असे कोणी विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत असेल, कोणी उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करत असेल, तर कोणाकडे घरातली वीस वर्षांची छायाचित्रे असतील. हा लेख अशा नव्या वापरकर्त्यांसाठी आहे. त्यात सगळीकडे एकच दृष्टी धरली आहे: बॅकअप घेताना तो परत कसा आणायचा याचा विचार आधी करावा. लपलेल्या फायली राहून जाणे, परवानग्या पुसल्या जाणे, दोन्ही प्रती एकाच वेळी नष्ट होणे या अडचणी प्रत घेताना दिसत नाहीत. त्या परत आणण्याच्या दिवशीच दिसतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

काय वाचवायचे ते आधी पाहा

फाइल मॅनेजरमध्ये होम फोल्डर उघडल्यावर दिसतो तो त्याचा एक भाग असतो. ज्या फायलींचे आणि फोल्डरांचे नाव टिंबाने सुरू होते, त्या लिनक्स सहसा दाखवत नाही. उबुंटूच्या आणि मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की त्या दिसू लागतात. नवे वापरकर्ते बहुतेकदा इथेच फसतात: सगळ्या फायली निवडून पेनड्राइव्हवर ओढल्या, की सगळे आले असे वाटते, पण जे दिसत नव्हते ते निवडलेच गेलेले नसते.

या लपलेल्या फोल्डरांपैकी काहींची ओळख करून घेणे फार उपयोगाचे आहे (पडद्यावर त्यांची नावे रोमन अक्षरांत दिसतात). फायरफॉक्सचे बुकमार्क आणि पासवर्ड लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (उबुंटू, मिंट, फेडोरा ही अशी वितरणे) ‘.मोझिला’ या फोल्डरात असतात, अगदी नव्या आवृत्तीपासूनच सुरुवात केली असेल तर ‘.कॉन्फिग’ मधील ‘मोझिला’ मध्ये; उबुंटूवर फायरफॉक्स स्नॅप या उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज-स्वरूपात येत असल्याने ते ‘स्नॅप’ फोल्डराच्या आत, फायरफॉक्स, मग कॉमन, मग ‘.मोझिला’ अशा वाटेने सापडतात. थंडरबर्डची ईमेल ‘.थंडरबर्ड’ या फोल्डरात (उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत तोही ‘स्नॅप’च्या आत), फ्लॅटपॅक या दुसऱ्या पॅकेज-स्वरूपातील अ‍ॅप्सचा मजकूर ‘.व्हार’ याच्या आतील ‘अ‍ॅप’ फोल्डरात आणि दूरच्या सर्व्हरवर जाण्याच्या चाव्या ‘.एसएसएच’ मध्ये असतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी दोन जागा लक्षात ठेवाव्यात. स्वतः बसवलेले देवनागरी फॉन्ट ‘.लोकल’ या फोल्डरातील शेअर आणि त्यातील फॉन्ट्स इथे असतात. लिबरऑफिसच्या शब्दकोशात तुम्ही एकेक करून भरलेले शब्द ‘.कॉन्फिग’ मधील लिबरऑफिस फोल्डरात साठतात. प्रबंध लिहिताना जमा झालेली ती शब्दसूची गेली, तर नावे आणि संज्ञा पुन्हा भरत बसण्यात आठवडे जातात.

काही गोष्टी मुद्दाम सोडून द्याव्यात. ‘.कॅश’ हा फोल्डर तात्पुरत्या मजकुराचा असतो. तो कित्येक जीबींचा होऊ शकतो आणि पुसला तरी प्रोग्राम तो पुन्हा तयार करतात. कचरापेटीही नको. व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे संगणकाच्या आत चालवलेल्या आभासी संगणकाच्या, डिस्क-फायली वेगळ्या ठेवाव्यात, कारण आत एक अक्षर बदलले तरी ती प्रचंड फाइल बदलली असे धरले जाते आणि प्रत्येक बॅकअपला पुन्हा तपासली किंवा लिहिली जाते. कोणता फोल्डर किती जागा घेतो हे ‘डिस्क युसेज अ‍ॅनालायझर’ या प्रोग्राममध्ये नीट दिसते.

याच्या उलट, तुमच्या काही वस्तू होम फोल्डरच्या बाहेर असतात. क्रॉनटॅबमध्ये ठरवलेली वेळापत्रके, मायएसक्यूएलचे डेटाबेस, स्थानिक वेबसर्व्हरवर ठेवलेली पाने आणि बसवलेल्या प्रोग्रामांची यादी होमच्या प्रतीत येत नाही. हे काही वापरत असाल, तर क्रॉनटॅबची नोंद आणि डेटाबेसचा निर्यात केलेला मजकूर साध्या फायलींत उतरवून त्या होममध्येच ठेवाव्यात, म्हणजे त्या बॅकअपबरोबर आपोआप जातील. उबुंटू आणि मिंटवर ‘एपीटी-मार्क’ ही कमांड ‘शोमॅन्युअल’ या शब्दासह दिली की तुम्ही बसवलेल्या पॅकेजांची यादी मिळते. तीही अशीच जपावी.

डिस्क निवडणे आणि तयार करणे

नागपुरातल्या बर्डीवरच्या दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली येते, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये. या पद्धती विंडोजच्या सोयीच्या आहेत. फॅट३२ वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसतच नाही. एक्सफॅटवर ती बसते, पण फाइल कोणाची, कोणाला वाचता येईल आणि कोणाला चालवता येईल या लिनक्सच्या नोंदी तिथे राहत नाहीत, आणि एका जागेवरून दुसरीकडे बोट दाखवणारे सांकेतिक दुवेही राहत नाहीत. प्रत घेताना फायली डिस्कवर पोहोचल्या असे दिसेल. परत आणल्यावर मात्र सर्व्हरच्या खाजगी चाव्या सगळ्यांना वाचता येण्यासारख्या झाल्या म्हणून सर्व्हरशी जोडणारा एसएसएच हा प्रोग्राम त्या स्वीकारायला नकार देईल, आणि तुम्ही लिहिलेल्या स्क्रिप्टांच्या परवानग्या मूळच्यासारख्या राहणार नाहीत.

म्हणून बॅकअपची डिस्क एक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीनेच फॉरमॅट करावी. ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडा, डावीकडच्या यादीतून बाहेरची डिस्क निवडा आणि तिची क्षमता व कंपनीचे नाव पुन्हा एकदा वाचून मगच पुढे जा, कारण फॉरमॅट केल्यावर तिच्यावरचे सगळे जाते. नाव लहान, रोमन लिपीत आणि मधे जागा न सोडता द्यावे. तिथेच पासवर्डने संरक्षित करण्याचा, म्हणजे लक्स पद्धतीने कुलूपबंद करण्याचा पर्याय असतो. पक्षकारांची कागदपत्रे, रुग्णांच्या नोंदी किंवा बँकेचे व्यवहार ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी तो जरूर निवडावा. पण तो पासवर्ड विसरला तर डिस्क उघडण्याचा कोणताही मार्ग राहत नाही, हेही तितकेच खरे आहे. पासवर्ड कागदावर लिहून घराच्या खरेदीखतासारख्या दस्तऐवजांबरोबर ठेवणे हा मला योग्य मार्ग वाटतो. डिस्कची क्षमता होम फोल्डरच्या निदान दुप्पट असावी.

घरात विंडोज संगणकही असेल आणि डिस्क तिथेही वाचायची असेल, तर तिचे दोन भाग करून एक एक्सटी४ आणि दुसरा एक्सफॅट ठेवता येतो.

पहिली पूर्ण प्रत

पहिली प्रत आरसिंक या कमांडने घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. टर्मिनलची, म्हणजे कमांड टंकून देण्याच्या खिडकीची, सवय नसलेल्यांनाही मी हेच सांगतो, कारण या प्रतीत फायली जशाच्या तशा, साध्या फोल्डरांत राहतात आणि उद्या कोणताही लिनक्स संगणक, अगदी इन्स्टॉलेशनचा लाइव्ह पेनड्राइव्हसुद्धा, त्या उघडू शकतो. अँड्रू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये तयार केलेला हा प्रोग्राम आजही रोजच्या वापरात आहे. मधेच वीज गेली किंवा वायर निघाली, तर तीच कमांड पुन्हा द्यावी. झालेले काम सोडून तो राहिलेले पुढे नेतो. मे-जूनमध्ये वादळी पावसाआधी नागपुरात वीज जाते-येते तेव्हा हा गुण फार मोलाचा ठरतो. तरी डेस्कटॉप वापरत असाल, तर त्या दिवसांत यूपीएस किंवा इन्व्हर्टरशिवाय मोठी प्रत घेऊ नये. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा दुपारच्या तापलेल्या खोलीत डिस्क तासन्‌तास चालवण्यापेक्षा पहाटेची वेळ बरी.

आधी ब्राउझर आणि ईमेलचा प्रोग्राम बंद करा, कारण त्यांचे डेटाबेस लिहिले जात असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. डिस्क जोडून फाइल मॅनेजरमध्ये उघडा. उबुंटू आणि मिंटवर ती ‘मीडिया’ या मूळ फोल्डरात तुमच्या नावाखाली दिसते, तर फेडोरावर ‘रन’ मधील ‘मीडिया’ मध्ये. तिच्यावर प्रतीसाठी एक फोल्डर तयार करा.

आता टर्मिनलमध्ये रोमन लिपीत आरसिंक हा शब्द टंका. त्याची अक्षरे आर, एस, वाय, एन, सी अशी आहेत. एक जागा सोडून एक वजाचिन्ह द्या आणि त्याला चिकटून छोटे ए, छोटे व्ही, मोठे एच, मोठे ए, मोठे एक्स आणि शेवटी छोटे एन लिहा. छोट्या ‘ए’ मुळे उपफोल्डर, वेळा, परवानग्या, मालकी आणि सांकेतिक दुवे जपले जातात, ‘व्ही’ मुळे काय चालले आहे ते दिसते, आणि तीन मोठ्या अक्षरांनी हार्ड लिंक (एकाच फाइलची अनेक नावे), विशेष परवानग्या व फायलींची जादा गुणवैशिष्ट्ये जपली जातात. शेवटचे ‘एन’ ही रंगीत तालीम आहे: काय काय कॉपी होईल ते दिसते, पण एकही फाइल हलत नाही. पुन्हा एक जागा सोडून दोन वजाचिन्हे, एक्सक्लूड हा शब्द, बरोबरीचे चिन्ह आणि त्यापुढे ‘/.कॅश/’ असे रोमन अक्षरांत लिहा. मग जागा सोडून ‘~/’, आणि पुन्हा जागा सोडून डिस्कवरील त्या फोल्डराचा पूर्ण पत्ता, शेवटी तिरप्या रेघेसह. हा पत्ता हाताने टंकण्यापेक्षा फाइल मॅनेजरमधून फोल्डर ओढून टर्मिनलवर सोडला, की तो अचूक उमटतो.

‘~’ पुढची ती तिरपी रेघ विसरू नका. ती असेल तर होम फोल्डराच्या आतला मजकूर कॉपी होतो. ती नसेल तर तुमच्या नावाचा आणखी एक फोल्डर प्रतीच्या आत तयार होतो. दोन्ही प्रती चालतात, पण एकदा एक आणि दुसऱ्यांदा दुसरी पद्धत वापरली तर डिस्कवर दोन वेगळ्या वयाच्या प्रती साठतात आणि परत आणताना खरी कोणती हे कळत नाही.

यादी नजरेखालून घाला. ठीक वाटली तर बाणाचे वरचे बटण दाबून तीच ओळ परत आणा, ‘एन’ काढून टाका आणि एंटर करा. काम संपल्यावर शेवटच्या ओळी अवश्य वाचा. तिथे कोड २३ अशी सूचना दिसली तर काही फायली कॉपी झालेल्या नाहीत. त्या कोणत्या, हे वरच्या ओळींत लिहिलेले असते, आणि बहुधा सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) वापरून तयार केल्यामुळे त्या रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीच्या झालेल्या असतात. कोड २४ म्हणजे कॉपी चालू असताना काही फायली नाहीशा झाल्या. बहुतेकदा त्या तात्पुरत्या असतात.

लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत धरून ठेवतो, त्यामुळे कमांड संपली तरी डिस्कवर लिहिणे चालू असू शकते. वायर काढण्यापूर्वी फाइल मॅनेजरमधील इजेक्टचे चिन्ह दाबावे आणि डिस्क काढता येईल असा संदेश येईपर्यंत थांबावे.

आरसिंकमध्ये ‘डिलीट’ हा एक पर्याय आहे. तो दिला की मूळ जागी नसलेल्या फायली प्रतीतूनही पुसल्या जातात. काल चुकून पुसलेले प्रकरण आज अशा रीतीने प्रतीतूनही जाते. नव्या वापरकर्त्यांनी सुरुवातीला तो वापरू नये.

दर आठवड्याची सवय

पहिल्या प्रतीनंतर जुन्या आवृत्त्याही जपणारा बॅकअप हवा, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीचा मसुदा मागता येतो. त्यासाठी ‘देजा दूप’ हा प्रोग्राम सोपा आहे. उबुंटूमध्ये तो ‘बॅकअप्स’ या नावाने मिळतो, आणि नसेल तर सॉफ्टवेअरच्या दालनातून बसवता येतो. तो फायली आपल्या विशिष्ट स्वरूपात साठवतो, म्हणून परत आणायलाही साधारणपणे तोच लागतो. सुरुवातीला तो डाउनलोड्स फोल्डर आणि कचरापेटी वगळतो. आपल्याकडे डिजिटल सहीचा सातबारा, विजेची बिले, परीक्षेचे हॉल तिकीट असे बरेच काही डाउनलोड्समध्येच पडून असते, तेव्हा वगळण्याच्या यादीतून तो फोल्डर काढावा किंवा कागद योग्य जागी हलवावेत.

मिंटसोबत येणाऱ्या टाइमशिफ्टबद्दल एक सावधगिरी बाळगावी. तो प्रणालीच्या फायलींची स्थिती जपतो आणि मुळात होम फोल्डर वगळतो. टाइमशिफ्ट चालू आहे म्हणून आपली कागदपत्रे सुरक्षित आहेत, असे समजू नये.

दुसरी प्रत दुसऱ्या वस्तीत

२३ सप्टेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतरच्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीला पूर आला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट अशा वस्त्यांत तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरले. लॅपटॉप टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर अशा रात्री दोन्ही एकदमच जातात. चोरी आणि शॉर्टसर्किटलाही हेच लागू पडते. म्हणून दोन डिस्क असाव्यात: एक घरी आणि दुसरी मावशीकडे, भावाकडे किंवा कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात, शक्यतो शहराच्या दुसऱ्या भागात आणि वरच्या मजल्यावर. महिन्यातून एकदा त्यांची अदलाबदल करावी. ती करताना डिस्क भर उन्हात स्कूटरच्या डिक्कीत ठेवून बाजारहाट करू नये. घराबाहेर जाणारी डिस्क लक्सने कुलूपबंद केलेलीच असावी.

क्लाउडवर आपोआप जुळणारा फोल्डर ही दुसरी प्रत नव्हे, कारण तुम्ही पुसलेले तिथेही पुसले जाते.

परत आणण्याची तालीम

गरज पडण्याआधी एकदा परत आणून पाहावे; माझ्या मते या सगळ्यातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि लोक नेमका तोच टाळतात. पुरेशी जागा असेल तर संगणकावर ‘तालीम’ नावाचा एक नवा वापरकर्ता तयार करावा, डिस्कवरील प्रत खाली दिलेल्या रीतीने त्याच्या होम फोल्डरात आणावी आणि त्या नावाने लॉगिन करावे. फायरफॉक्समध्ये बुकमार्क दिसतात का, थंडरबर्डमध्ये जुनी पत्रे उघडतात का, लिबरऑफिसला तुमचे शब्द ओळखू येतात का, देवनागरी फॉन्ट बरोबर उमटतात का, हे पाहावे. जे दिसणार नाही, ते बॅकअपमध्ये आलेले नाही किंवा त्याचा पत्ता जुन्या वापरकर्त्याच्या नावाशी बांधलेला आहे. दोन्ही गोष्टी आज कळलेल्या बऱ्या. नंतर तो वापरकर्ता काढून टाकावा. जागा कमी असेल तर निदान पाच-सहा वेगवेगळ्या प्रकारच्या फायली दुसऱ्या फोल्डरात आणून उघडाव्यात.

खरोखर परत आणताना

एखादी फाइलच हरवली असेल, तर डिस्क उघडून ती फाइल कॉपी करावी. लगेच मूळ जागी न टाकता आधी उघडून पाहावी.

पूर्ण होम फोल्डर नव्या संगणकावर आणायचा असेल, तर नवी प्रणाली बसवताना वापरकर्त्याचे नाव अक्षरशः जुनेच द्यावे, म्हणजे प्रोग्रामांत लिहिलेले पत्ते जुळतात. चालू डेस्कटॉपच्या पायाखाली त्याच्याच सेटिंग बदलू नयेत, कारण लॉगआउट होताना तो आपल्या नोंदी पुन्हा वर लिहू शकतो. यासाठी प्रशासकाचे अधिकार असलेला एक तात्पुरता वापरकर्ता तयार करा, संगणक पुन्हा सुरू करून त्याच्या नावाने लॉगिन करा, डिस्क जोडा आणि सुडोसह तीच आरसिंक कमांड द्या. या वेळी आधी डिस्कवरील फोल्डराचा पत्ता आणि नंतर होममधील तुमच्या फोल्डराचा पत्ता, दोन्हींच्या शेवटी तिरपी रेघ. इथेही पहिल्यांदा ‘एन’ लावून तालीम करावी, कारण दोन पत्त्यांची अदलाबदल झाली तर रिकामे होम तुमच्या प्रतीवर लिहिले जाऊ लागते.

कॉपी झाल्यावर मालकी तपासा. लिनक्स माणसाला नावापेक्षा क्रमांकाने ओळखतो. उबुंटू, डेबियन आणि फेडोरावर पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो, म्हणून बहुधा सगळे जुळते. जुन्या संगणकावर तुम्ही दुसरे वापरकर्ते असाल तर ते जुळणार नाही. सुडोसह ‘सीएच-ओन’ (अक्षरे सी, एच, ओ, डब्ल्यू, एन) ही कमांड वजाचिन्ह व मोठ्या ‘आर’ सह, मग नाव, रोमन कळफलकावरील अपूर्णविराम (:) आणि पुन्हा नाव असे जोडून, आणि शेवटी तुमच्या होम फोल्डराचा पत्ता देऊन चालवली की सगळ्या फायली तुमच्या मालकीच्या होतात. तालमीच्या वापरकर्त्यासाठीही हे करावेच लागते. फेडोरावर यानंतर सुडोसह ‘रिस्टोरकॉन’ वजाचिन्ह आणि मोठ्या ‘आर’ सह त्याच पत्त्यावर चालवावे, म्हणजे एसईलिनक्स या फेडोरावरील संरक्षणव्यवस्थेच्या सुरक्षा-खुणा जागच्या जागी येतात. ‘.एसएसएच’ फोल्डराची परवानगी ७०० आणि खाजगी चाव्यांची ६०० (म्हणजे फक्त मालकालाच उघडता येईल अशी) आहे ना, तेही पाहून घ्यावे.

वितरण किंवा डेस्कटॉप बदलला असेल, उदाहरणार्थ उबुंटूवरून मिंटवर आलात, तर सगळे जसेच्या तसे आणू नये. एका डेस्कटॉपच्या सेटिंग दुसऱ्यावर लादल्या की पॅनेल गायब होणे, विचित्र थीम दिसणे असे त्रास सुरू होतात. कागदपत्रांचे फोल्डर पूर्ण आणावेत. लपलेल्यांपैकी थंडरबर्ड, एसएसएच, फॉन्ट आणि लिबरऑफिस एवढे निवडून आणावेत. फायरफॉक्ससाठी स्नॅपच्या आतील ‘.मोझिला’ फोल्डर मिंटवर थेट होममध्ये ठेवावा लागतो. मात्र नव्या संगणकावरील फायरफॉक्सची आवृत्ती जुनी असेल, तर तो नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल उघडायला नकार देतो. तेव्हा आधी प्रणाली पूर्ण अपडेट करावी आणि मगच प्रोफाइल आणावे.

सगळे सुरळीत चालू लागले तरी जुनी डिस्क लगेच पुसू नये. काही गोष्टींची आठवण उशिरा होते: मार्चअखेर हिशेबाचा एखादा तक्ता लागतो, दिवाळीत एखादे जुने छायाचित्र कोणी मागते. नव्या संगणकाची स्वतंत्र पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घेऊन ती तपासून होईपर्यंत, आणि त्यानंतरही काही महिने, ती डिस्क वायरीसह, वर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवावी.